शनिवारी रंगवलेली पानं

पेंटरला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ती मारायची. ती गेली आणि नावही तिच्याबरोबर गेलं. गल्लीत तो पेंटर, चहाच्या टपरीवर पेंटर, वाण्याच्या दुकानात पेंटर. बायको समोर 'अहो' म्हणायची आणि शेजारणीशी बोलताना 'आमचे पेंटर'. गंमत अशी, की ज्याला पेंटिंग म्हणावं असं काम त्याच्या हातात फारसं राहिलं नव्हतं. एके काळी बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. औषधाच्या दुकानाची वेगळी, शिंप्याची वेगळी, अशी अक्षरांची वळणं तो ठरवून काढायचा, आणि शिंपी पाटीकडे बघून स्वतःच खूश होऊन दोन पावलं मागं सरकायचा. मग छापील फ्लेक्स आले. सकाळी सांगा, दुपारी घ्या. पेंटरकडे उरल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा, 'येथे थुंकू नये' आणि 'कुत्र्यापासून सावध राहा'. त्यातसुद्धा तो कुत्र्याचं चित्र इतकं मन लावून काढायचा, की मालकाचा खरा कुत्रा त्यापुढे किरकोळ दिसे.

काम गेलं तशा खोल्या बदलाव्या लागल्या. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून बायको मेटाकुटीला आली होती. ती इस्पितळात आया होती. दिवसभर दुसऱ्यांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं आणि घरी आलं की पुन्हा भांडी पोत्यात भरायची. शेवटच्या मालकानं तर सामान जिन्यात आणून ठेवलं होतं. तिनं ते गोळा केलं आणि जिन्यातच बसून सांगितलं, "हे माझं शेवटचं बोचकं. यापुढं मी बांधणार नाही. आता जिथं न्याल तिथून मला एकदम स्मशानातच न्या." ती चिडून बोलली असती तर पेंटरला एवढं लागलं नसतं. ती अगदी शांतपणे, दूधवाल्याला उद्याचं दूध नको म्हणून सांगावं तशी बोलली.

अशा वेळी काकू देवासारख्या भेटल्या. त्या त्याच्या कुणी नात्यातल्या नव्हत्या. एका कचेरीत हिशेब तपासून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या जागेत एकट्या राहणाऱ्या बाई. दारावरची पाटी रंगवायला त्यांनी पेंटरला बोलावलं आणि त्यांच्या नावातली वेलांटी मनासारखी येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा पुसायला लावली. असं गिऱ्हाईक त्याला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. तो खूश होऊन पुसत राहिला. मग नळ गळला, खिडकी अडकली, की काकू त्यालाच हाक मारू लागल्या.

पुढे काकूंच्या मुलानं हट्ट धरला, की आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडे ये. तो लांबच्या मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. काकू म्हणाल्या, येते चार-सहा महिने. जागेचं काय, तर पेंटर आणि त्याच्या बायकोनं राहावं. भाडं नको. एकच अट. "माझी बांडी जशी आहे तशी मला परत मिळाली पाहिजे," काकू म्हणाल्या.

बांडी म्हणजे काकूंची वेल. जात मनीप्लांटची, पण साधी नव्हे. पांढऱ्या ठिपक्यांच्या गाईला बांडी म्हणतात ना, तशी हिची पानं. हिरव्यावर पांढरे थेंब, पांढरे फराटे, एखादं पान अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. एकासारखं दुसरं नाही. कुंडी पुस्तकांच्या कपाटावर, आणि वेल तिथून निघून पडद्याच्या दांडीवरून, घड्याळाच्या वरून, दाराच्या चौकटीला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या तोंडाशी येऊन लोंबायची. काकूंनी जागोजागी बारीक खिळे ठोकून तिला मऊ दोऱ्यानं अडकवलं होतं. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि पुसताना बोलायच्याही. काय बोलायच्या ते पेंटरनं कधी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही, तेवढी रीत त्याला होती.

जाताना काकूंनी सगळं नीट सांगितलं. माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही. कुंडीखाली पाणी साचू द्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "नुसती हिरवी फांदी फुटली की तिथल्या तिथं कापायची. दया करायची नाही. हिरवी जोमानं वाढते आणि बाकीच्यांचं खाऊन टाकते. पांढऱ्याला उजेड जास्त लागतो, त्याच्यानं पळवत नाही." पेंटरनं मान डोलावली. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून हुशार होता.

काकू गेल्या, आणि वर्षाच्या आत समोरच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहायला लागली. आधी पत्रे आले, मग बांबू, मग हिरवी जाळी. खिडकीतला उजेड एकेका मजल्यानं कमी होत गेला. बांडीला नवी पानं आली ती कोरी हिरवी. चांगली मोठी, तजेलदार, लकाकणारी. पेंटर कात्री घेऊन स्टुलावर चढला आणि तसाच खाली उतरला. ज्या माणसाचं सगळं काम सुकत चाललं होतं, त्यानं डोळ्यांसमोर जोमानं वाढणारी एकमेव गोष्ट कापायची? त्याला ते जमलं नाही. राहू दे बिचारी, म्हणाला. आणखी थोडं पाणी घातलं. दया करायची नाही हे नेमकं ज्याला सांगू नये अशा माणसाला काकूंनी सांगितलं होतं.

हिरवीनं मग काकूंनी सांगितलं होतं ते अगदी तंतोतंत करून दाखवलं. जुनी ठिपक्यांची पानं पिवळी पडून गळत गेली आणि त्यांच्या जागी हिरवी येत गेली. पेंटरच्या लक्षात आलं तोवर वेल दाराच्या चौकटीपर्यंत हिरवी झाली होती. कुंडीपाशी तेवढी एक-दोन पानं ठिपके धरून होती.

आणि रविवार तर दर आठवड्याला यायचाच. रविवारी सकाळी काकूंचा मुलगा फोन लावायचा, चित्र दिसणारा. तो फोन काकूंच्या तोंडासमोर धरायचा आणि पेंटर इकडे आपला फोन हातात घेऊन कुंडीपासून टोकापर्यंत वेलीबरोबर चालत जायचा. बायको त्याला रविवारची हजेरी म्हणायची. असंच एकदा चालताना काकू म्हणाल्या, "थांबा. ते घड्याळावरचं पान नुसतंच हिरवं दिसतंय का हो?"

पेंटरला घड्याळ दिसेना, पान दिसेना, जिन्यात ठेवलेलं सामान दिसायला लागलं. "उजेडामुळं तसं वाटतंय, काकू," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी नीट दाखवतो."

पुढच्या रविवारच्या आदल्या दिवशी तो स्टुलावर चढला तो हातात ब्रश घेऊन. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. वाण्यानं नवी वेल आणली असती, शिंप्यानं कबुली दिली असती. पेंटरच्या हातात ब्रश होता, म्हणून त्यानं पान रंगवलं. पांढरा ऑइलपेंट, अगदी पातळ. इतकं झकास जमलं, की काकू म्हणाल्या, "हं, आता दिसलं." आणि पेंटरच्या जिवात जीव आला.

दोन-चार दिवसांत ते पान करपून गळून पडलं. पानालाही श्वास लागतो हे त्याला असं कळलं. मग त्यानं पोस्टर कलर आणला, त्यात नखभर डिंक घातला आणि ठरवून टाकलं की शनिवारी रंगवायचं आणि रविवारी फोन झाला की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. आठवडाभर पानं मोकळी. शनिवारी पुन्हा.

एकदा सुरू केल्यावर तो मागे सरणारा नव्हता. कुंडीपाशी उरलेल्या खऱ्या पानांसमोर बसून त्यानं पांढरा कसा पडतो ते पाहिलं. तो रंग लावल्यासारखा नसतो, आतून आल्यासारखा असतो. शिरेपाशी अडतो, कडेला फाटतो, मध्येच करडा होतो. पेंटर पानावरचं मेण पुसून, पाणी शिंपडून, करंगळीनं दाबून तो करडा काढायला शिकला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तो तेव्हा करत होता, आणि बघणारा कुणी नव्हता. म्हणजे होत्या, काकू होत्या. पण त्यांना ते त्याचं काम आहे हे कळता कामा नये, एवढीच तर सगळी कारागिरी होती.

चार-सहा महिन्यांची वर्षं झाली. वेल वाढत होती, म्हणजे रंगवायची पानंही वाढत होती. शनिवार अख्खा जायचा. बायकोच्या भावाच्या मुलीचं लग्न शनिवारी निघालं, तर बायको एकटी गेली आणि सगळ्यांना 'त्यांना बरं नाही' म्हणून सांगत बसली. मेहुण्यानं दुसऱ्या गावी पाट्यांचा कारखाना काढला होता. लाकडी, कोरीव, रंगीत पाट्यांची पुन्हा हौस आली होती लोकांना. त्यानं दोन-दोनदा बोलावलं. महिनाभर येऊन बघा, म्हणाला. महिनाभर? पेंटरला आठवड्यापलीकडे कुठं जाता येत नव्हतं. जास्तीत जास्त लांब म्हणजे सोमवारी निघून शुक्रवारी परत. दावणीला बांधलेल्या गुराला निदान दावं दिसतं. पेंटरचं दावं भिंतीवरून फिरत होतं आणि दर महिन्याला वीतभर वाढत होतं.

त्यात काकूंचे प्रश्न. काकूंची नजर म्हातारपणीही हिशेब तपासणाऱ्याचीच होती. "चौकटीजवळचं पान मलूल नाही ना वाटत?" "टोकाला काही गळलंबिळलं का?" "कीड? पानामागे पाहिलंत का, पांढरी कीड असते." एकदा तर त्या म्हणाल्या, "घड्याळावरच्या पानाचा पांढरा भाग घड्याळाच्या बाजूला होता ना?" पेंटरनं तो उलट्या बाजूला काढला होता. काकू जाळं टाकतायत, आपल्याला पकडायला बघतायत, अशी त्याची खात्रीच पटली. आणि तो अधिकच डोळ्यांत तेल घालून रंगवू लागला. "एकदम मस्त आहे, काकू," तो दर वेळी सांगायचा. "काळजीच करू नका." मागून मुलाचा आवाज यायचा, "बघ, आई. सांगितलं होतं ना तुला."

बायको हे सगळं बघत होती. सुरुवातीला हसली, मग हसायची थांबली. "सांगून टाका एकदा," ती म्हणायची. "वेलच आहे. फाशी देणार नाहीत."

"फाशी नाही देणार. जागा घेतील."

यावर ती भांडी घासायला वळायची. जागा तिलाही हवी होती.

एका बुधवारी दुपारी, बायको कामावर असताना, फोन वाजला. पेंटर एका नंबरप्लेटीवर आकडे काढत बसला होता. फोनवर काकूंचा चेहरा, तोही अर्धाच, कपाळ आणि चष्मा.

"पेंटर, मी बोलतेय. ऐकू येतंय ना?"

"काकू? आज कसा काय फोन? आज बुधवार."

"बुधवारच आहे. मुलगा-सून कामावर गेलेत. आमच्या कामवाल्या बाईनं लावून दिलाय फोन. जरा बांडी दाखवा मला."

"आत्ता उजेड नाही हो. रविवारी नीट..."

"नसू दे उजेड. दाखवा."

पेंटरनं हातातला ब्रश खाली ठेवला. त्यानं फोन वळवला. कुंडीपासून निघाला आणि टोकापर्यंत चालत गेला, रविवारी जायचा तसाच. हिरवं, हिरवं, हिरवं.

"हिरवी झाली," काकू म्हणाल्या.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही गेलात त्या वर्षीपासूनच."

"आणि मग रविवारी मला दिसते ती?"

"रंगवतो, काकू. शनिवारी रंगवतो, रविवारी पुसतो."

फोनमधून एक आवाज आला. पेंटरला वाटलं, काकू हसतायत. मग कामवाल्या बाईचं "काय झालं आजी, पाणी देऊ का" ऐकू आलं, आणि त्याला कळलं की हसत नाहीत. आता ऐकायचं आणि बोचकं बांधायचं, असं मनाशी म्हणत तो उभा राहिला.

"मूर्ख माणसा," काकू म्हणाल्या. त्या त्याला कधी असं बोलल्या नव्हत्या. "मी इथं दर रविवारी तुमच्या त्या पानांत खोट शोधत बसते. एखादं पिवळं दिसू दे, एखादं गळू दे, कीड तरी लागू दे. आणि तुम्ही आपले 'एकदम मस्त'."

पेंटरला काही कळेना. मग काकूंनीच सांगितलं. पहिल्या वर्षीच त्या मुलाला म्हणाल्या होत्या, मला घरी जायचंय. तो म्हणाला, तिथं तुझं काम काय? काकूंना चटकन दुसरं सुचलं नाही, म्हणाल्या, माझी बांडी आहे. तो म्हणाला, बरं, बांडी ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी मी स्वतः तुला नेऊन सोडतो. म्हणजे विषय मिटला.

"मुलगा वाईट नाही हो," काकू म्हणाल्या. "काळजीच करतो. पण त्याच्या काळजीला बाहेरून कडी आहे. इथं दाराला किल्लीच नाही, आकडे दाबायचे असतात आणि ते बदलत राहतात. खिडकी म्हणजे भिंतभर काच, उघडतच नाही. दिवसभर मी त्या काचेशी बसते आणि खाली माणसं दिसतात ती मुंग्यांएवढी."

"पण मग त्यांना सरळ सांगायचं, की मला यायचंय म्हणून."

"सांगितलं ना. म्हातारी माणसं म्हणतातच तसं, असं वाटतं त्याला. कारण लागतं, पेंटर. माझं मन हे कारण पुरत नाही."

पेंटर भिंतीला टेकला. इतकी वर्षं तो समजत होता की काकूंनी त्याला बांधून ठेवलंय. काकूंचं दार तो स्वतः दर शनिवारी बसून, जीव ओतून, बारीक ब्रशनं बंद करत होता. त्याला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

"येत्या रविवारी रंगवू नका," काकू म्हणाल्या, आणि जरा थांबून, "मी आले तर तुमचं काय होईल ते कळतं मला. खोली एकच. माझ्याबरोबर मुलगा रात्रंदिवसाची बाई धाडणार, तो त्याशिवाय ऐकायचा नाही. म्हणून हुकूम करत नाही. विचारतेय."

बायको कामावरून आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ चपलाच काढायची विसरली. मग म्हणाली, "वॉर्डात असतात अशी माणसं. डॉक्टरनं घरी जा म्हटलेलं असतं, पण न्यायला कुणी येत नाही. रोज सकाळी कपडे घालून पलंगावर बसतात." चपला काढून तिनं कोपऱ्यात ठेवल्या. "तुम्ही काय करायचं ते करा. मी बोचकं बांधणार नाही म्हटलं होतं, ते काही मी मागं घेतलेलं नाही."

शनिवारी पेंटरनं ब्रश काढले. आता तुम्ही त्याला नावं ठेवाल, पण त्याच्या जागी असतात तर तुम्हीही निदान डबी उघडून पाहिली असतीत. त्यानं रंग कालवला, डिंक घातला. घड्याळावरच्या पानावर एक ठिपका दिला, घड्याळाच्या बाजूला. फार सुंदर आला. तो त्याच्याकडे बघत राहिला, आणि रंग वाळायच्या आत फडक्यानं पुसून टाकला. बाकीचा दिवस त्याला काही काम नव्हतं. शनिवारी काय करतात हेच तो विसरला होता.

रविवारी फोन आला. मुलाच्या शेजारी काकू बसल्या होत्या, पदर नीट घेऊन, परीक्षेला बसल्यासारख्या. पेंटरनं नमस्कार केला आणि एकही शब्द न बोलता चालायला लागला. कुंडी, पडद्याची दांडी, घड्याळ, चौकट. टोकाशी येऊन तो थांबला आणि डोळे मिटून घेतले.

"अरे वा!" मुलगा म्हणाला. "काय हिरवीगार झालीय! आई, बघितलंस का? मला तर ती आधी आजारीच वाटायची, कशी पांढरट, कोड आल्यासारखी. आता खरी तब्येत सुधारली. पेंटर, कमाल केलीत तुम्ही."

पेंटरनं डोळे उघडले. आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. खोटं बोललं नव्हतं, रंग लावला नव्हता, जे होतं ते दाखवलं होतं. काकूंनी सांगितलं तेवढं केलं होतं. शिवाय जागाही राहिली आणि शनिवार सुटला. यापेक्षा माणसाला आणखी काय हवं?

"हो," काकू म्हणाल्या. "छान झालीय." आणि त्यांनी तोंड फिरवलं, त्या न उघडणाऱ्या काचेकडे.

"ठेवू मग?" मुलगा म्हणाला.

"साहेब, थांबा," पेंटर म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं त्याच्याच्यानं बोलवलं नसतं.

"ही वेल बिघडलीय. तुमच्या आईंनी दिली तशी ती राहिलेली नाही, कधीचीच. मी तिच्यावर पांढरा रंग लावून तुम्हाला दाखवत होतो. दर रविवारी."

"म्हणजे? कशासाठी?"

"जागा जाऊ नये म्हणून."

मुलाचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या आईला फसवत होता?"

"हो."

"आणि आणखी काय काय केलंय घरात?"

काही केलं नव्हतं. भिंतींना स्वतःच्या खर्चानं रंग दिला होता, गळका नळ बदलला होता, काकूंच्या कपाटाला तर त्यानं हातही लावला नव्हता. तसं तो सांगू शकला असता. मुलगा चार शब्द रागावून बोलला असता, दुसरा भाडेकरू बघितला असता, आणि काकू काचेशीच राहिल्या असत्या.

"ते तुम्ही येऊनच बघा, साहेब," पेंटर म्हणाला. "आणि आईंना घेऊन या. कपाटात काय होतं नि काय नाही, ते त्यांनाच माहीत."

दारात भांडं आपटल्याचा आवाज आला. गरीब माणसाकडे मिरवायला एकच गोष्ट असते, ती त्यानं स्वतःच्या हातानं देऊन टाकली होती. त्याची होती तोवर ठीक, पण त्यात बायकोचीही होती आणि तिला विचारलं नव्हतं.

मुलगा लालबुंद झाला. काय काय बोलला ते इथं सांगण्यात अर्थ नाही. शेवटी म्हणाला, "महिनाअखेर जागा रिकामी करा. मी आईला घेऊन येतो. एकेक वस्तू तपासून घेणार आहे."

"शोभलं नाही हो तुम्हाला, पेंटर." काकू इतक्या जोरात बोलल्या, की मुलगाही दचकला. "एवढा विश्वास टाकला होता मी. आता मला तिथं येऊन सगळं बघावं लागेल. भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं. एक दिवसाचं काम आहे का हे? महिने लागतील. वर्षसुद्धा लागेल, सांगता येत नाही. माझ्याशिवाय कुणाला कळणार आहे त्यातलं?"

"आई, तू शांत हो," मुलगा म्हणाला.

"कशी होऊ शांत? तिकिटं बघ आधी." त्यांचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा कापत होता, आणि डोळे पेंटरकडे बघून नुसते वाहत होते. पेंटर मान खाली घालून ऐकत राहिला. आयुष्यात तो पुष्कळांची बोलणी खाऊन बसला होता, पण ही बोलणी संपू नयेत असं त्याला वाटत होतं.

फोन बंद झाला. बायको आतून बाहेर आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. ती काय बोलेल याची पेंटर वाट बघत होता. जे बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं.

"चोर ठरवलंत मला," ती म्हणाली.

"हो."

ती खिडकीकडे बघत होती. मग उठली, स्टूल ओढलं आणि त्यावर चढून वेलीच्या मागून पडद्याच्या कड्या एकेक करून सोडवायला लागली.

"हे काय?" पेंटर म्हणाला. "पडदे त्यांचे आहेत. आपल्याला न्यायचे नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "किती मळलेत ते बघा. म्हातारी इतक्या वर्षांनी घरी येणार, तिला हे असले पडदे दाखवू?"